मदत हवी आहे: कर्ल शून्य येतोय, तरी वर्क शून्य येत नाहीये

थकलेला_बीएस्सी: उद्या सकाळी ट्युटोरियल द्यायचंय आणि तिसऱ्या प्रश्नात अडकलोय, दिलेला फोर्स कॉन्झर्व्हेटिव्ह आहे का, असा आहे. फोर्सचा कर्ल (म्हणजे फोर्स जागोजागी किती गोल फिरवतो त्याचं माप) काढला, शून्य. म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह ना, कुठूनही फिरून परत आलं की एकूण वर्क शून्य? मग वर्तुळावर एक फेरी मारून वर्क काढलं तर ६.२८ येतंय, चारदा करून बघितलं. कुठे चुकतोय पटकन सांगा प्लीज.

अण्णा_६२: घर्षण धरलं असणार. कॅरमचा स्ट्रायकर समोर आपटून परत जागेवर आला तरी घर्षण जाताना पण वेग खातं आणि येताना पण, त्यामुळे बेरीज शून्य होतच नाही. पावडर टाका.

थकलेला_बीएस्सी: घर्षण नाहीये काका.

रात्रपाळी: फोर्स कुठला ते तरी लिही की राव.

थकलेला_बीएस्सी: अरे हो, सॉरी. एक्सचा घटक वजा वाय, वायचा घटक एक्स, दोन्हीला भागिले एक्स वर्ग अधिक वाय वर्ग.

रात्रपाळी: मग गणित बरोबरच आहे तुझं. ओरिजिनला, म्हणजे (०,०) ला, भाजक शून्य होतो, म्हणजे तिथे भोक आहे, आणि तुझं वर्तुळ नेमकं त्या भोकाभोवती. भोक नसतं तर कर्ल शून्यवर काम भागलं असतं. त्रिज्या आर असेल तर फोर्स एक भागिले आर, परीघ दोन पाय आर, गुणलं की दोन पाय (माणसाचे नव्हे, ३.१४ वाला), म्हणजे तुझं ६.२८. वर्तुळ कितीही लहान घे.

थकलेला_बीएस्सी: पण पोटेन्शियल (ज्याच्या उतारावरून फोर्स मिळतो ते) निघतंय की, वजा थीटा, थीटा म्हणजे एक्स अक्षापासूनचा कोन!

रात्रपाळी: फेरी मारून आलास की थीटा दोन पायने वाढलेला असतो, जागा मात्र तीच. गोल जिना वरून बघ, फिरून त्याच जागी येतोस पण मजला बदललेला. आता भोक बाहेर राहील असं वर्तुळ घे, केंद्र (२,०), त्रिज्या १, आणि परत कर.

अण्णा_६२: एनर्जी नष्ट होतच नाही, मग नॉन-कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणताच कसं?

चुंबक्या: काका, तुमच्या स्ट्रायकरची एनर्जी उष्णता होऊन बोर्डात जाते, फक्त परत मिळत नाही. बाकी सरळ तारेभोवतीचं मॅग्नेटिक फील्ड अगदी ह्याच आकाराचं असतं, पण मॅग्नेटिक फोर्स चार्जवर वर्क करतच नाही.

रात्रपाळी: ते विचारलंय कोणी?

चुंबक्या: माहिती असावी माणसाला.

थकलेला_बीएस्सी: (२,०) ला शून्य आलं!! पण प्रश्नात नुसतं हो की नाही विचारलंय, काय लिहू?

रात्रपाळी: 'नाही' लिही, आणि ओरिजिनला घेरणारा मार्ग घेतला की वर्क दोन पाय येतं हे खाली दाखव.

अण्णा_६२: पावडर बोरिकच घ्या हो, टाल्कमने बोर्ड चिकट होतो.