अनुभव धागा: वाटण्यासाठी घरची पीनट बटर चॉकलेटं, खान्देशच्या हवेत

दिवाळीच्या ताटात चकली-अनारशांशेजारी पीनट बटर भरलेली चॉकलेटं आता सर्रास दिसतात. पाककृती हव्या तेवढ्या मिळतात, पण त्या थंड हवेतल्या स्वयंपाकघरांसाठी लिहिलेल्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ला टेकतो आणि ऑक्टोबरही उकडतच असतो. ज्यांचा हात यात बसलेला आहे त्यांनी मापं, क्रम आणि नेमकं कुठे बिघडतं ते लिहा. ‘अंदाजे’ नको, ग्रॅममध्ये सांगा.

अमळनेरहून

सगळं दाण्यापासून सुरू होतं. खरिपाचा नवा दाणा ओलसर असतो, त्याला आधी दोन कडक उन्हं द्या. नाहीतर तो वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. निवडताना सुरकुतलेला, काळपट, बुरशीचा दाणा निर्दयपणे काढा. बुरशीतलं अफलाटॉक्सिन हे विष भाजून जात नाही आणि एक कडू दाणा अख्खं भांडं बिघडवतो.

जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर १५ ते १८ मिनिटं भाजा. हवा तो रंग यायच्या जरा आधीच परातीत ओता, कारण दाणा आतल्या उष्णतेने पुढेही भाजत राहतो. सालं पाखडून घ्या आणि दाणे कोमट असतानाच मिक्सरला लावा. भांडं अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका, अर्धा मिनिट फिरवा, थांबा, कडा खरवडा. आधी कूट होतो, मग गोळा बनून भांड्याला चिकटतो. इथेच बरेच जण घाबरून तेल ओततात. ओतू नका. दाण्यात निम्म्याच्या आसपास तेलच असतं. आणखी तीन-चार मिनिटांत गोळा एकदम सैल पडतो, चकाकतो आणि चमच्यावरून धारेने उतरतो. मोटर तापली तर मध्ये दहा मिनिटं विश्रांती द्या.

धुळ्याहून

सारणाचं माप: पीनट बटर २५० ग्रॅम, चाळलेली पिठीसाखर १०० ग्रॅम, वितळलेलं पांढरं कंपाउंड (कोको बटरऐवजी वनस्पती चरबीचं चॉकलेट) ५० ग्रॅम, मीठ पाव चमचा. पांढरं कंपाउंड वगळू नका. नुसतं पीनट बटर आपल्या हवेत घट्ट राहतच नाही. कंपाउंडमधली चरबी थंड झाली की सारण धरून ठेवते. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून १०-१० ग्रॅमचे गोळे वळा, साधारण ४० होतात. तरी सैल वाटलं तर दोन चमचे दूध पावडर घाला.

बुडवायला ४०० ग्रॅम चॉकलेट घ्या. लागतं कमी, पण भांड्यात खोली नसली की गोळा नीट बुडत नाही. उरलेल्यात भाजलेले दाणे घालून चमच्याने लहान ढीग टाका.

गोळे फ्रीझरमध्ये मात्र नकोत. गोठलेला गोळा नंतर फुगतो, वरच्या कवचाला तडा जातो आणि त्यातून तेल झिरपतं.

शहाद्याहून

साखरेऐवजी गूळ किंवा मध घालायचा मोह होतो, पण दोन्हींत पाणी असतं. पीनट बटरला पाणी लागलं की ते लगेच घट्ट, रवाळ होतं. गूळच हवा असेल तर कोरडी गूळ पावडर घ्या, ८० ग्रॅम पुरते.

जळगावहून

खरं चॉकलेट की कंपाउंड, हे महिना बघून ठरवा. खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं. खोलीच ३५ अंशांवर असेल तर ते घट्ट होणार कसं? म्हणून खऱ्या चॉकलेटचं काम डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी, नाहीतर एसीच्या खोलीत २२ अंशांच्या आसपास.

डार्क चॉकलेटचा दोन तृतीयांश भाग ४५ अंशांपर्यंत वितळवा. आचेवरून उतरवून उरलेला तृतीयांश बारीक चिरून त्यात घाला आणि २८ अंशांपर्यंत ढवळत राहा. मग पुन्हा हलकं गरम करून ३१-३२वर आणा. मिल्क चॉकलेट असेल तर २९-३०. थर्मामीटर घ्याच, इथे बोटाचा अंदाज चालत नाही. सुरीच्या टोकावर थोडं लावून बघा. पाच मिनिटांत चमकदार, कडक झालं तर जमलं.

कंपाउंडला ही कसरत लागत नाही, त्यात कोको बटरऐवजी वनस्पती चरबी असते. चवीला खरं चॉकलेट केव्हाही वरचढ, पण एप्रिलमध्ये हट्ट करण्यात अर्थ नाही. आणि कवचासाठी दोन्ही एकत्र वितळवू नका. दोन्ही चरबींचं पटत नाही, कवच मऊ राहतं आणि लवकर पांढरं पडतं.

चोपड्याहून

डबल बॉयलरमध्ये (खाली गरम पाण्याचं भांडं, वर चॉकलेटचं) पाणी वरच्या भांड्याच्या बुडाला लागू देऊ नका, खदखदू तर मुळीच नको. वाफेचा एक थेंब पडला तरी चॉकलेटचा खरखरीत गोळा होतो. ते कवचासाठी गेलंच. गरम दुधात विरघळवून मुलांना प्यायला द्या. चमचे, साचे, हात सगळं खडखडीत कोरडं हवं.

भुसावळहून

कूलर बंद करा! आपल्या घराघरांत तो चालू असतो आणि हवेत ओल सोडतो. त्या हवेत चॉकलेटवर दमटपणा बसतो, साखर विरघळते आणि वाळल्यावर पांढरी पूड दिसते. बोटाला खरखर लागली तर हा ओलीचा दोष. बोटाने चोळल्यावर पांढरेपणा पुसून चकाकी आली तर तो चरबीचा, म्हणजे उष्णतेचा किंवा सारणातून झिरपलेल्या तेलाचा. दोन्ही खायला चालतात, पण वाटायला शोभत नाहीत.

फ्रीजमध्ये १०-१५ मिनिटं पुरे. ठेवायचीच असतील तर घट्ट झाकणाच्या डब्यात. बाहेर काढल्यावर अर्धा-पाऊण तास झाकण उघडू नका, म्हणजे दव डब्याच्या बाहेर बसतं.

शिरपूरहून

भुसावळकरांनी तेल झिरपण्याचं लिहिलं, त्यात भर: म्हणूनच ही चॉकलेटं दोन-तीन आठवड्यांत संपवावीत, पुढे खवट वास येतो. पुण्या-मुंबईला पाठवायची तर रात्रीच्या गाडीने. बटर पेपरच्या दोन थरांत, स्टीलच्या डब्यात, वर जाड टॉवेल गुंडाळून. डब्यावर ‘शेंगदाणा आहे’ असं ठळक लिहा, कोणाला त्याची ॲलर्जी असू शकते आणि चॉकलेटच्या आत काय आहे ते बाहेरून कळत नाही. अख्ख्या दाण्यांचे ढीग अगदी लहान मुलांच्या वाट्यात घालू नका, घशात अडकतात.