बाहुलीघराच्या छतावरील उठावदार नक्षी: साहित्य कोणते घ्यावे आणि छत बसवावे कसे?

प्रश्न : कोथरूडकर

नमस्कार. १:१२ प्रमाणातील एक बाहुलीघर बांधायला घेतले असून ते १८९० च्या सुमारास लंडनमध्ये बांधल्या जाणाऱ्या, एकमेकांना लागून असलेल्या घरांपैकी एखाद्यासारखे दिसावे अशी इच्छा आहे. सांगाडा ६ मिमी एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फलकाचा) आहे, समोरची बाजू बिजागरीवर उघडते आणि दिवाणखाना १५ इंच रुंद, १२ इंच खोल व १० इंच उंच आहे. भिंती, जमीन आणि शेकोटी यांचे काम ठरले आहे; घोडे अडले आहे ते छतापाशी. मध्यभागी गोल पदक (नक्षीदार चकती), त्यातून लोंबणारे छोटे एलईडी झुंबर आणि बाकी छतावर उठावदार नक्षी असे मनात आहे. त्यासाठी ग्रीटिंग कार्डे करणारे वापरतात तो एम्बॉसिंग फोल्डर (कागद मध्ये दाबून उठाव काढायचा नक्षीदार साचा) घ्यावा, पीओपीचे ओतकाम करावे, की रंगवता येणारा उठावाचा वॉलपेपर लावावा? परदेशी चित्रांत पत्र्याची नक्षीदार छतेही दिसतात, तीही मोहात पाडतात. शिवाय छताला चिकटवलेला कागद पावसाळ्यात मधोमध पोट काढतो असे ऐकून आहे, त्यामुळे बसवण्याची रीतही कृपया सविस्तर सांगावी.

उत्तर : मोजपट्टी

पत्र्याचे छत आपल्या घरातून वगळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ठसे मारलेल्या पत्र्याची छते ही मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अमेरिकेतली दुकाने आणि घरे यांची खूण आहे; लंडनच्या दिवाणखान्यात ती उपरी वाटतील. आपण निवडलेल्या काळात तिथे दोन पर्याय खरोखर प्रचलित होते. एक म्हणजे चुन्याच्या किंवा प्लास्टरच्या गिलाव्यातील पदक व कॉर्निस (भिंत आणि छत मिळतात तिथली नक्षीदार पट्टी), आणि दुसरा म्हणजे उठावाचा कागद. फ्रेडरिक वॉल्टन यांनी १८७७ मध्ये जवसाच्या तेलापासून लिंक्रस्टा हे जड आणि टणक भिंत-आवरण आणले. त्यांच्याच कंपनीत काम केलेल्या थॉमस पामर यांनी १८८७ मध्ये लगद्यापासून ॲनाग्लिप्टा तयार केले. ते वजनाला हलके असल्यामुळे छतावर लावण्यास सोयीचे होते. म्हणजे १८९० च्या घरात ॲनाग्लिप्टाचे छत हे तेव्हाचे नवे आणि परवडणारे साहित्य ठरते.

आता प्रमाणाविषयी. नक्षीची लांबी-रुंदी बारापट लहान करायची हे सर्वांच्या ध्यानात असते, पण तिची खोलीही तितकीच कमी व्हावी लागते, आणि बहुतेक लहान छते खोटी वाटतात ती नेमकी याच कारणाने. खऱ्या छतावर १८ मिमी उठाव असेल, तर आपल्याकडे तो दीड मिमी. खरा उठावाचा वॉलपेपर जसाच्या तसा लावला, तर त्यावरचे दोन इंचांचे फूल त्या घरातल्या माणसाला दोन फुटांचे दिसेल. म्हणून वॉलपेपर घ्यायचाच असेल तर ज्याची नक्षी पाऊण-एक इंचात पुन्हा सुरू होते असाच शोधावा. माझ्या मते एम्बॉसिंग फोल्डर अधिक सोयीचा, कारण त्यात बारीक नक्ष्या पुष्कळ मिळतात. पदक अडीच इंच व्यासाचे आणि कॉर्निस अर्धा इंच उंचीची ठेवल्यास या खोलीला शोभेल.

कागद १६० ते २०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) घ्यावा आणि दाबण्यापूर्वी मागच्या बाजूने पाण्याचा अगदी हलका फवारा मारावा, म्हणजे तंतू ताणले जातात आणि नक्षीच्या कडेला कागद फाटत नाही. वाळल्यावर मागून फेव्हिकॉलचा पातळ हात दिला की उठाव कडक होतो. फोल्डर लहान असल्याने तुकडे जोडावे लागतील. मांडणी मधल्या पदकापासून बाहेर करावी, म्हणजे दोन्ही कडांना सारखेच तुकडे उरतात. तुकड्यांच्या सांध्यावर एक मिमी रुंदीची पुठ्ठ्याची पट्टी लावली की खऱ्या घरातही सांधे असेच झाकले असावेत असे वाटते.

उत्तर : सुतारपक्षी

नक्षीबद्दल मोजपट्टी यांच्याशी सहमत आहे. बसवण्याबाबत एवढेच सांगेन की घराच्या छताला काहीही थेट चिकटवू नये. छताचा वेगळा तक्ता करावा, टेबलावर उताणा ठेवून सगळी नक्षी, रंग आणि झुंबर पूर्ण करावे आणि मगच तो आत न्यावा.

तक्त्यासाठी ३ मिमी प्लायवूड घ्यावे. सनबोर्ड (प्लास्टिक फोमचा हलका फलक) दमट हवेला दाद देत नाही हे खरे, पण १५ इंचांच्या रुंदीत तो झुंबराच्या वजनाने किंचित लवतो. प्लायवूडला दोन्ही बाजूंनी प्रायमर द्यावा. नक्षीचा कागद लावल्यावर त्याच जाडीचा साधा कागद मागच्या बाजूलाही चिकटवावा. ओला कागद फुगतो, वाळताना आकसतो आणि एकाच बाजूला असला तर तक्त्याला स्वतःकडे ओढतो. आपण ऐकलेले पोट बहुधा यातूनच येते. उठावाच्या कागदावर रोलर फिरवू नये, नक्षी चेपते. वर स्पंजाचा तुकडा ठेवून हलके वजन द्यावे.

तक्ता खोलीपेक्षा दोन्ही अंगांनी एकेक मिमी लहान कापावा. भिंतींचा कागद आधी लावून घ्यावा आणि कॉर्निस तीन भिंतींना चिकटवावी, छताला नव्हे. कॉर्निस व मूळ छत यांच्यामध्ये साधारण ५ मिमी फट ठेवली, तर तक्ता समोरून पेटीच्या सरकत्या झाकणासारखा आत जातो आणि झुंबराची तार त्याच्या वरून मागे नेता येते. फट सारखी राहावी म्हणून गोंद वाळेपर्यंत तेवढ्या जाडीच्या पट्ट्या तिथे अडकवून ठेवाव्यात. यात एक पथ्य आहे: तक्त्याच्या तीन कडांना कॉर्निसच्या रुंदीएवढा भाग सपाट सोडावा, नाहीतर सरकवताना नक्षी खरवडून निघते. समोरच्या कडेला भिंत नसल्यामुळे तिथे अर्धा इंच रुंदीची पातळ पट्टी दोन बारीक स्क्रूंनी लावावी. झुंबर बिघडले, तर तेवढी पट्टी काढली की काम भागते.

उत्तर : कात्रण

सरकता तक्ता उत्तम, परंतु घर हलवायचे नसेल आणि तार आधीच छतातून वर काढलेली असेल, तर चिकटवण्यातही काही गैर नाही. अशा वेळी तक्ता हलका घ्यावा, कडांना व मध्यभागी संपर्क गोंद लावावा आणि खालून लाकडी टेकू द्यावेत. टेकूच्या माथ्यावर फोम बांधला की नक्षी चेपत नाही. थर्माकोलचे तयार पदक मात्र या गोंदाजवळ नेऊ नये, त्यातले द्रावक थर्माकोल विरघळवते.

पदकासाठी पीओपीच घ्यावे. हवेवर वाळणारी माती आकसते आणि तिला बारीक चिरा जातात. पीओपी घट्ट होताना किंचित प्रसरण पावते, त्यामुळे सिलिकॉनच्या साच्यातील पानाची शीरही उमटते. मध्यभागी ओतण्यापूर्वीच एक स्ट्रॉ उभी ठेवावी, म्हणजे तारेसाठी नंतर ड्रिल मारावे लागत नाही आणि पदक तडकत नाही. जाडी ३ मिमीच्या वर नेऊ नये.

रंग मॅट असावा आणि शुभ्र पांढऱ्याऐवजी किंचित पिवळसर. चकाकी आली की दिव्याची तिरीप नक्षीवर न पडता रंगावर पडते आणि दीड मिमीचा उठाव दिसेनासा होतो. खोलगट भागात पातळ करड्या रंगाचे पाणी सोडून वरून लगेच फडक्याने पुसावे. एक गोष्ट मात्र आधी ठरवून घ्यावी: हे घर कोणत्या उंचीवर ठेवणार? टेबलाच्या उंचीवर असेल, तर उभ्या माणसाला तळमजल्याचे छत दिसतच नाही. मग सगळी मेहनत वरच्या मजल्यावर खर्च करावी आणि खाली साधा पांढरा तक्ता लावावा.

कोथरूडकर

सर्वांचे मनापासून आभार. दिवाणखाना पहिल्या मजल्यावर असून घर भिंतीतल्या फळीवर, डोळ्यांच्या साधारण रेषेत बसणार आहे, म्हणजे छत दिसेल. सरकत्या तक्त्याची रीत निश्चित केली. एकच शंका उरते: कोपऱ्यांत कॉर्निस ४५ अंशांत कापताना ती माइटर बॉक्समध्ये (कोनात कापण्यासाठी करवतीला खाचा असलेल्या पेटीत) उताणी ठेवायची की पालथी?

सुतारपक्षी

पालथी. भिंतीला लागणारी बाजू बॉक्सच्या उभ्या कडेला टेकवावी आणि छताकडची बाजू तळावर ठेवावी. आधी मागच्या भिंतीचा तुकडा बसवावा, मग बाजूचे. आणि बाजूचे तुकडे समोरच्या टोकाला दोन मिमी लांब ठेवून शेवटी पॉलिश पेपरने जुळवून घ्यावेत.