लाँग आर्म किटची ताकद आर्मच्या जाडीवरून ठरवावी का?

चासीप्रेमी (मिशिगन):
माझी जीप रँग्लर टीजे 2003 सालची आहे. या गाडीची उंची चार इंचांहून अधिक वाढवली की मूळचे आखूड कंट्रोल आर्म (ॲक्सल, म्हणजे चाकांचा आडवा आस, चासीला जोडणारे दांडे) फार तिरपे होतात आणि खडकाचा धक्का थेट चासीत, म्हणजे गाडीच्या पोलादी सांगाड्यात, शिरतो, म्हणून लाँग आर्म किटचा, म्हणजे लांब आर्मच्या संचाचा, विचार सुरू होतो. किट निवडताना मात्र जो तो आर्मची जाडी बघतो, आणि हे मला पटत नाही. ॲक्सलचा जोर आर्मच्या लांबीच्या दिशेने जातो; 50 मिमी बाहेरील व्यासाची, 6 मिमी जाड भिंतीची, 900 मिमी लांबीची साध्या पोलादाची सरळ नळीसुद्धा त्या दिशेने 15 टनांहून अधिक दाब सोसते. आधी हार मानतो तो आर्मचे टोक धरणारा, चासीला वेल्ड केलेला ब्रॅकेट. मूळ ब्रॅकेट कापून नवे जोडायचे, तेही हिवाळ्यात रस्त्यावर पडणाऱ्या मिठाने आतून गंजलेल्या चासीवर! मी तर किटची किंमत विचारण्याआधी चासी हातोडीने ठोकून पाहीन.

मोजपट्टी:
आपला हिशेब बरोबर आहे, पण तो चुकीच्या दिशेचा आहे. खालचा आर्म खडकावर टेकतो तेव्हा गाडीचा भार त्याच्या मध्यावर आडवा येतो. आपल्याच नळीवर मधोमध एक टन भार ठेवला, तर ताण सुमारे 275 मेगापास्कल (ताण मोजण्याचे एकक) होतो, आणि 400 मिमीच्या आखूड आर्ममध्ये तो 122 च्या आसपासच राहतो. साधे पोलाद 250 ला कायमचे वाकते, तर चांगली डीओएम नळी (साच्यातून ओढून घट्ट केलेली पोलादी नळी) साधारण 450 ते 480 पर्यंत टिकते. हा भार स्थिर धरला आहे. गाडी आदळली तर आकडा आणखी चढेल. म्हणून पोलादाची प्रत न सांगणाऱ्या विक्रेत्याकडून मी काहीही घेणार नाही. भरीव दांड्याचा मोहही नको, कारण 50 मिमीची ही नळी भरीव दांड्याच्या 42 टक्के वजनात वाकण्याविरुद्ध त्याची 67 टक्के ताकद देते. व्यास वाढवावा, भिंतीची जाडी नंतर बघावी.

चासीप्रेमी:
आडव्या भाराचा मुद्दा मान्य. तरीही वाकलेला आर्म वाटेत बोल्ट काढून बदलता येतो, फाटलेली चासी बदलता येत नाही. काहीतरी मोडणारच असेल, तर ते आर्मने मोडावे.

मोजपट्टी:
वाकलेला आर्म आखूड होतो, त्यामुळे ॲक्सल एका बाजूने सरकतो आणि त्याच अवस्थेत आपण महामार्गावरून घरी येता. याला सोयीचे मोडणे म्हणणे मला धाडसाचे वाटते.

दुसरा गिअर:
आपण दोघेही रचना विसरत आहात. अनेक किटांत पुढचा वरचा आर्म चासीपर्यंत जातच नाही. तो खालच्या आर्मलाच जोडलेला असतो. अशा रेडिअस आर्म रचनेत ब्रेक दाबताना ॲक्सलला येणारा पीळ खालच्या आर्मला वाकवतो, म्हणजे मोजपट्टींच्या 275 वर आणखी भर पडते. शिवाय एक चाक वर आणि दुसरे खाली गेले की दोन्ही बाजूंचे आर्म ॲक्सलच्या नळीलाच पिळू पाहतात. हा पीळ आर्मच्या टोकातली रबरी बुश (सांध्यातली लवचिक कडी) काही प्रमाणात गिळते. 'अधिक मजबूत' म्हणून तिच्या जागी कडक सांधे बसवले, की तोच ताण ब्रॅकेटच्या वेल्डवर जातो. या बाबतीत चासीप्रेमींचे म्हणणे मला अधिक पटते, मात्र त्यांनी दिलेल्या कारणाने नव्हे.

मोजपट्टी:
रेडिअस आर्मच्या बाबतीत मी माघार घेतो. ॲक्सलचे वरचे-खालचे चारही आर्म स्वतंत्रपणे चासीला जोडलेले असतील, तर माझा आग्रह कायम आहे: आधी व्यास, जाडी आणि पोलादाची प्रत लेखी मागावी.

चासीप्रेमी:
मागा जरूर. पण त्या कागदावर ब्रॅकेटच्या पत्र्याची जाडीही लिहून घ्या. ती सांगणारा विक्रेता मला अजून भेटलेला नाही.