गुलामव्यापाराचा नफा: जहाजाच्या वहीत शोधायचा की पेढीच्या?

हुंडीवाला

शाळेच्या पुस्तकातला त्रिकोण आठवतोय? युरोपातून माल आफ्रिकेला, तिथून माणसं कॅरिबियनला, तिथून साखर युरोपात, आणि तिन्ही बाजूंना एकच जहाज. माझं म्हणणं असं की अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या ब्रिटिश धंद्यापुरता त्यातला तिसरा बाण बहुतांशी फसवा आहे.

जमैकाला माणसं विकून लिव्हरपूलचं जहाज पुष्कळदा अर्धंमुर्धं रिकामं परतायचं. साखरेसाठी रुंद पोटाची वेगळी जहाजं इंग्लंड-जमैका थेट ये-जा करत. गुलामजहाज हंगामाची वाट बघत नांगरून राहिलं तर खलाशांचा पगार चढतो आणि कोमट पाण्यात किडा लाकूड पोखरतो. मग कप्तान आणायचा काय? हुंड्या, म्हणजे ठरल्या मुदतीने पैसे देण्याच्या लेखी चिठ्ठ्या. मळेवाल्याकडे रोकड नसे. तिथला अडत्या लंडन-लिव्हरपूलच्या पेढीवर मुदती हुंड्या लिहून द्यायचा: 12, 18, 24 महिने, पुढे 36 सुद्धा. पेढी हमी द्यायची. जहाजमालक ती हुंडी वटवून पुढच्या फेरीचं कापड, लोखंडी पट्ट्या, बंदुका, दारू भरायचा.

एवढी लांब पत टिकली कशी? 1732 मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला. वसाहतीतल्या कर्जदाराची जमीन आणि गुलाम, दोन्ही जप्त करून विकायची सोय सावकाराला मिळाली. माणूस तारण झाला. त्यामुळे ‘फेरीमागे नफा किती’ हा हिशेब चुकीच्या वहीत चाललाय.

ताळेबंद

वही कुठलीही घ्या, बेरीज टळत नाही. इतिहासकार एरिक विल्यम्सने 1944 मध्ये मांडलं की या पैशाने औद्योगिक क्रांतीला भांडवल पुरवलं. नंतर आकडे काढले गेले तेव्हा ब्रिटिश फेऱ्यांचा सरासरी नफा 10 टक्क्यांच्या आत-बाहेरच निघाला, म्हणजे इतर जोखमीच्या धंद्यांइतकाच. अर्थइतिहासकार एंगरमनने जाणूनबुजून चढा अंदाज धरला, तरी 1770 च्या सुमारास हा नफा ब्रिटनच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या अर्धा टक्का! एवढ्यावर गिरण्या उभ्या राहतात होय?

आणि पोर्तुगालचं काय? आफ्रिकेतून जहाजांवर चढवलेल्या सुमारे 1 कोटी 25 लाख माणसांपैकी 58 लाख पोर्तुगीज आणि ब्राझिली जहाजांनी नेली. ब्रिटिशांनी 32-33 लाख. मग पहिली वाफेची गिरणी लिस्बनला निघायला हवी होती.

दर्याकिनारा

अर्धा टक्का कशाच्या तुलनेत, ते बघा ना. एंगरमनचाच आकडा घेऊन अर्थइतिहासकार बार्बरा सोलोने मांडणी केली: तोच नफा एकूण गुंतवणुकीच्या 8 टक्क्यांजवळ, आणि व्यापार-उद्योगातल्या गुंतवणुकीच्या 39 टक्के. देशाचं बहुतेक उत्पन्न खाण्यापिण्यात जातं; त्याने भागलं की काहीही चिल्लरच दिसणार.

ताळेबंद

39 टक्के तेव्हाच, जेव्हा नफ्याचा पैन् पै गुंतवला असं धराल. व्यापाऱ्यांनी गावाकडे हवेल्या आणि जमिनीही घेतल्या.

मांडवीकाठ

पोर्तुगालचा दाखला वाटतो तेवढा सरळ नाही. तिथला धंदा लिस्बनच्या हातात होता कुठे? ब्राझीलमधल्या बाहियाचे व्यापारी हलक्या प्रतीचा तंबाखू मळीत भिजवून त्याचे वळे बेनिनच्या किनाऱ्यावर न्यायचे आणि माणसं थेट बाहियाला आणायचे. रिओहून अंगोलातल्या लुआंडाला उसाची दारू जायची. त्रिकोण नाहीच, सरळ रेघ. शिवाय ब्राझीलच्या खाणींत गुलामांनी काढलेलं सोनं इंग्लंड-पोर्तुगालमधल्या 1703 च्या मेथुएन करारानंतर इंग्रजी लोकरी कापडाच्या मोबदल्यात मोठ्या प्रमाणावर लंडनलाच वाहिलं. म्हणजे पोर्तुगालचा आकडा थोडा ब्रिटनच्या खात्यातही धरा.

आपल्या बाजूचा धागा राहू नये म्हणून: आफ्रिकेच्या किनाऱ्यावर चालणाऱ्या मालात भारतीय सुती कापड मोठं होतं, आणि तिथली गिऱ्हाईकं चोखंदळ. एका बंदरात खपणारा पट्टा-रंग दुसऱ्या बंदरात कोणी हातात धरत नसे. माल चुकला की जहाज महिनोन्‌महिने अडकायचं, आणि आत कोंडलेली माणसं मरायची. मालदीवच्या कवड्या नीरम म्हणून, म्हणजे तळाशी वजन म्हणून, युरोपला यायच्या आणि तिथून पश्चिम आफ्रिकेत चलन म्हणून जायच्या. मोझांबिकमध्ये तर दीव-दमणच्या व्यापाऱ्यांचं कापड हेच चलन होतं, आणि तिथून गुलाम ब्राझीललाही गेले.

काहिली

सगळे पेढीवर बसलात, जरा घाण्यावर या. तोडलेला ऊस दिवसभरात आंबायला लागतो, म्हणून गळीत हंगामात तीन लाटांचा, म्हणजे रुळांचा, घाणा रात्रंदिवस चालायचा. झोपेने पेंगणाऱ्याचा हात लाटांत गेला तर तोडायला जवळ कुऱ्हाड ठेवलेली असे. रस एकापेक्षा एक लहान होत जाणाऱ्या तांब्याच्या काहिलींतून पुढे सरकायचा. चुना किती टाकायचा आणि शेवटच्या काहिलीतून कधी उतरवायचं, हे ठरवणारा गुळव्याही गुलामच. चुना कमी पडला तर दाणा धरत नाही, जास्त झाला तर साखर काळपट. मग भोकाच्या कुंड्यांत मळी निथळू द्यायची, आणि मळीची रम.

या कामाचा हिशेब असा: जमैकात सुमारे 10 लाख माणसं उतरवली, त्यातली काही पुढे इतर वसाहतींत विकली. 1834 मध्ये तिथे गुलाम होते सुमारे 3 लाख 11 हजार. उलट, आजच्या अमेरिकेत 4 लाखांहून कमी उतरवले आणि 1860 मध्ये तिथे जवळपास 40 लाख गुलाम होते. साखरेच्या मळेवाल्याला पोर वाढवण्यापेक्षा नवा माणूस विकत घेणं स्वस्त वाटायचं. हुंडीवाले, तुमची 36 महिन्यांची मुदत याच मरणाला पुरवठा करत होती.

ताळेबंद

क्रौर्याबद्दल वाद नाहीच. पण क्रौर्य सिद्ध झालं म्हणून लँकेशायरच्या कापडगिरण्या त्या पैशावर उभ्या राहिल्या हे सिद्ध होत नाही. तिथे कोळसा होता, मजुरी महाग होती.

वऱ्हाडी

कोळसा काय कातणार होता? 1860 च्या सुमारास ब्रिटनचा तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेतून, म्हणजे गुलामांच्या हातचा. 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, बंदरं अडवली गेली आणि लँकेशायरमध्ये उपासमार. तोच काळ मुंबईच्या कापसाच्या तेजीचा. 1865 ला युद्ध संपताच बाजार कोसळला आणि समुद्र भरून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीच्या शेअरवाल्यांचं दिवाळं वाजलं. आपला आखूड धाग्याचा कापूस त्यांच्या यंत्रावर सारखा तुटायचा, विणकर ‘सुरत’ (भारतीय कापसाचं तिथलं नाव) म्हटलं की शिव्या घालायचे. इतकी यंत्रं त्या लांब धाग्याशी बांधली गेली होती.

ताळेबंद

कापसाचा मुद्दा अर्धा मान्य. पण गुलामगिरी संपल्यावर 1870 च्या दशकात अमेरिकेचं पीक पुन्हा युद्धापूर्वीच्या पातळीवर आलं. मग गरज कापसाची होती, गुलामगिरीची नव्हे.

दर्याकिनारा

ते पीक कसं आलं? अर्धेलीवर. बियाणं, किराणा सगळं दुकानदाराकडून उधार आणि पीक आधीच गहाण.

हुंडीवाला

पुन्हा पतच आली बघा. आता शेवटची नोंद: गुलामगिरी संपवणाऱ्या 1833 च्या कायद्याने ब्रिटनने मालकांना 2 कोटी पौंड भरपाई मंजूर केली, सरकारच्या वार्षिक खर्चाच्या सुमारे 40 टक्के. गुलामांना छदाम नाही, उलट 1838 पर्यंत सक्तीची उमेदवारी, म्हणजे जुन्याच मालकाकडे बिनपगारी काम. भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचे शेवटचे रोखे 2015 मध्ये फिटले.

ताळेबंद

तो करदात्यांचा खर्च. तो नफ्यात धरू नका.

हुंडीवाला

खर्च करदात्यांचा, पण जमा कुणाकडे? बरीच रक्कम गहाणखत धरून बसलेल्या लंडनच्या पेढ्यांकडे. लिव्हरपूलच्या जॉन ग्लॅडस्टनला अडीच हजार गुलामांचे लाखावर पौंड मिळाले. 1838 मध्ये कलकत्त्याहून ‘हेस्परस’ आणि ‘व्हिटबी’ या जहाजांनी गयानाला पहिले भारतीय गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर, नेले, त्यातले काही त्याच्याच मळ्यावर.