बुद्ध्यांक, वंश आणि कांदोळीचा फारिया

देशोदेशीच्या सरासरी बुद्ध्यांकातला फरक म्हणजे वंशाचाच फरक, असं काही जण ठामपणे म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. बुद्ध्यांकाचे अभ्यासक जेम्स फ्लिन यांनी दाखवून दिलं की विसाव्या शतकात अनेक देशांत बुद्ध्यांक दर दशकाला साधारण ३ गुणांनी वाढला. दोन पिढ्यांत जनुकं एवढी बदलत नाहीत. बदलली ती शाळा, आहार, राहणी. गरोदरपणात आयोडीन कमी पडलं तरी मुलाच्या बुद्धीला फटका बसतो, आणि तो साध्या आयोडीनयुक्त मिठाने टाळता येतो.

शिवाय १९७२ मध्ये जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवोंटिन यांनी हिशेब मांडला होता: माणसांतली सुमारे ८५ टक्के जनुकीय विविधता एकाच लोकसमूहाच्या आत असते. (त्यावर आक्षेप आले. जनुकांवरून माणसाचं मूळ ओळखता येतं, हे मान्य. पण त्यातून बुद्धी कळत नाही.)

आम्हां गोंयकारांना तर हा वंशाचा युक्तिवाद फार झोंबतो. पोर्तुगीज राज्यात स्थानिक पाद्रींना वरच्या जागा नाकारल्या जात. १७८७ मध्ये कांदोळीच्या पिंटो घराण्याने पोर्तुगीज सत्तेविरुद्ध रचलेल्या कटामागे तोच राग होता. त्याच कांदोळीत १७५६ साली जन्मलेल्या आबे फारिया या पाद्रीने पॅरिसला जाऊन ठासून सांगितलं, की संमोहन कुठल्या चुंबकशक्तीने होत नाही, समोरच्याच्या मनातच घडतं. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे: दोन्ही हात पुढे, समोर कोसळणारी बाई.

दक्षिण गोव्यातल्या काणकोणच्या डोंगरातलं वेळीप या आदिवासी समाजातलं मूल आणि पणजीतलं मूल यांचे गुण ताडून पाहायचेच असतील, तर आधी दोघांचं शाळेचं अंतर, घरातली पुस्तकं आणि ताटातलं जेवण मोजा.