अफगाणिस्तानातल्या एमएसएफवर लेख लिहायचाय, कुठून सुरुवात करू?

भटकाजीव:
नमस्कार मंडळी. आमच्या छोट्या दिवाळी अंकासाठी 'मेदसाँ साँ फ्राँतिए' (एमएसएफ, म्हणजे 'सीमांविना डॉक्टर') या वैद्यकीय मदत संस्थेच्या अफगाणिस्तानातल्या कामाचा इतिहास लिहायला घेतलाय. १९७१ची पॅरिसमधली स्थापना, १९९९चं नोबेल इथवर जमलं, पुढे नुसती जंत्री होतेय. जाणकारांनी वाट दाखवावी.

आडकित्ता:
पॅरिस-नोबेल एका ओळीत उरका, ते कुठेही मिळतं. तुमचा लेख २००४मध्ये आहे. १९८०पासून, म्हणजे सोव्हिएत फौजा असताना पाकिस्तानातून चोरवाटांनी आत शिरून काम करणारी ही मंडळी त्या वर्षी देश सोडून गेली. का, ते सविस्तर लिहा. २ जूनला बादघिस प्रांतात त्यांच्या पाच जणांना ठार मारलं. संशयितांना सरकारने हात लावला नाही, वर तालिबान म्हणे हे अमेरिकेचे हस्तक! त्याआधी अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या आघाडीच्या फौजांनी दक्षिणेत पत्रकं वाटली होती: मदत चालू राहायला हवी तर तालिबानची खबर द्या. असल्या पत्रकांनंतर डॉक्टरला सैनिकापासून वेगळं कोण समजणार? २००९मध्ये परतले.

भटकाजीव:
हे सोनं आहे! आणि कुंदूझचं त्यांचं रुग्णालय?

उंबरठा:
कुंदूझ येणारच, पण फाटकापासून सुरू करा. तिथे बंदुकीवर फुली मारलेली पाटी: आत हत्यार चालणार नाही. २०११पासून सरकारी सैनिक आणि तालिबानी, दोघांवरही तिथे मोफत उपचार व्हायचे. रुग्णालयाचा ठावठिकाणा लढणाऱ्या सगळ्या बाजूंना कळवलेला, शेवटचा २९ सप्टेंबर २०१५ला. ३ ऑक्टोबरला रात्री दोननंतर अमेरिकेच्या एसी-१३० विमानाने जवळपास तासभर मुख्य इमारतीवर मारा केला. ४२ माणसं गेली, त्यांत संस्थेचे चौदा कर्मचारी. ओबामांनी माफी मागितली, स्वतंत्र चौकशी मात्र झालीच नाही. अमेरिकी लष्कराने स्वतःच चौकशी करून १६ जणांवर खात्यांतर्गत कारवाई केली, फौजदारी खटला एकही नाही. तो अहवाल (बराचसा काळा केलेला) आणि संस्थेचा अहवाल शेजारी ठेवून वाचा. दोन्ही नेटवर आहेत.

मनमौजी_पुणे:
+१. दश्त-ए-बर्ची विसरू नका. १२ मे २०२०ला काबूलच्या या प्रसूतिगृहात बंदूकधाऱ्यांनी १६ मातांना मारलं. जूनमध्ये संस्थेने तिथलं काम थांबवलं, पण या खेपेस देश सोडला नाही. २००४शी ताडून बघा.

आडकित्ता:
अजून एक. असल्या लेखांत नावं सगळी युरोपीय डॉक्टरांची येतात. कुंदूझमध्ये गेलेले चौदाही कर्मचारी अफगाण होते, हे ठळक येऊ द्या.