काळोखात बडबड, उजेडात गप्प

डोळा म्हणजे कॅमेरा आणि प्रकाश पडला की आतल्या पेशी 'चालू' होतात, असं अनेकांना वाटतं. गंमत म्हणजे घडतं बरोब्बर उलट. दृष्टिपटलातल्या (डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या) दंडपेशी, म्हणजे मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी, काळोखात सतत ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन सोडत असतात. प्रकाश पडला की त्या गप्प होतात आणि ते गप्प होणं हाच संदेश!

कळ दाबली जाते ती रेटिनल या रेणूत. 'अ' जीवनसत्त्वापासून बनणारा हा रेणू दंडपेशींतल्या ऱ्होडॉप्सिन या प्रथिनामध्ये वाकडा होऊन बसलेला असतो. फोटॉन (प्रकाशाचा कण) शोषला की अकराव्या कार्बनपाशी तो सरळ होतो, तेही सुमारे २०० फेम्टोसेकंदांत (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश). शास्त्रज्ञ जॉर्ज वॉल्ड यांना १९६७ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला तो अशाच कामासाठी.

आणि डोळा संवेदनक्षम तरी किती? हेक्ट, श्लेर आणि पिरेन या संशोधकांनी १९४२ मध्ये दाखवलं, की माणसाला मिणमिणती चमक जाणवायला दंडपेशींनी पाच ते चौदा फोटॉन शोषले तरी पुरतं. माझ्या मते या विषयातला सर्वांत देखणा प्रयोग.

सरळ झालेलं रेटिनल मात्र जागच्या जागी पुन्हा वाकत नाही. त्याला शेजारच्या रंजकपेशींत (रंगद्रव्य असलेल्या पेशींत) जाऊन यावं लागतं. उजेडातून अंधाऱ्या खोलीत शिरल्यावर डोळे पूर्ण सरावायला अर्धा तास लागतो, तो मुख्यतः या हेलपाट्यांमुळे.